मुकादमाचे आठ हात

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
५ जानेवारी २०२५

संचिता,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. तुझ्या आईचे गुडघे सोडले तर सगळे ठणठणीत आहेत.

पुढचं वाचशील की नाही माहीत नाही, म्हणून आधी कामाचं. अनिशची मुलगी चार महिन्यांची झाली आणि अजून बिननावाची आहे. दवाखान्याच्या फायलीवर 'बेबी ऑफ पायल' लिहिलंय, तेच चालू आहे. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं ते राहिलं. अनिश म्हणतो, नाव आत्या ठेवते, आत्या आली की ठेवू. तुझ्या आईने सांगून बघितलं की आपली हंसा आहे ना, चुलत का होईना आत्याच ती. तर म्हणतो, "मला एकच बहीण हाय." पायल बिचारी नवऱ्यापुढे काही बोलत नाही. पण परवा तिच्या माहेरची माणसं येऊन गेली, पोरीचं नाव काय ठेवलंत म्हणून विचारलं, तेव्हा ती उठून चहा ठेवायला गेली. चहा आधीच झाला होता.

तू तुझ्या भावाशी पाच वर्षं बोलली नाहीस. त्याच्या लग्नाला आली नाहीस. त्यावर मी आज काही लिहिणार नाही.

फोनवर मला जमत नाही. तू 'बाबा' म्हणालीस की मी 'जेवलीस का' विचारतो आणि फोन तुझ्या आईकडे देतो. मिठागरावर तीस वर्षं मुकादमी केली, चाळीस-चाळीस माणसं ओरडून कामाला लावली, आणि स्वतःच्या पोरीशी बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते.

तर मागच्या रविवारी नाथा पेपरवाल्याने पुरवणी वेगळी काढून घरी आणून दिली. म्हणाला, "मुकादम, तुमच्या संचिताचा फोटो आलाय. बाजूला ते आठ हातांचं भूतपण आहे." मी तुझा लेख चार वेळा वाचला. पहिल्यांदा नुसतं तुझं नाव वाचलं, दुसऱ्यांदा फोटो बघितला, तिसऱ्यांदा कुठे खरा लेख वाचला. चौथ्यांदा तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवला.

तू लिहिलंयस की ऑक्टोपसच्या अंगात पन्नास कोटींच्या आसपास मज्जापेशी असतात, जवळपास कुत्र्याच्या तोडीच्या, आणि त्यातल्या दोन तृतीयांश डोक्यात नसतातच, त्या आठ हातांत वाटलेल्या असतात. डोकं नुसतं म्हणतं, तिकडे काहीतरी खायला आहे, बघा. मग कसं वळायचं, दगडाखाली किती शिरायचं, काय सोडायचं आणि काय धरायचं, ते हात आपलं आपण ठरवतो. लोकांना हे वाचून चक्रावल्यासारखं होईल. मला पटकन समजलं, कारण मिठागर असंच चालायचं. मी खोपटात बसून 'आज खाडीकडचा वाफा ओढा' एवढंच म्हणायचो. फळी किती दाबायची, मीठ कुठे पिकलंय, कुठे कच्चं आहे, ते फळी ओढणाऱ्या दत्तारामच्या तळपायांना कळायचं. तो मला विचारायला यायचा नाही, आणि आला असता तर मला सांगता आलं नसतं. मालकाला वाटायचं सगळं मीच चालवतो. मी वाटू दिलं.

पण मेंदू गळ्याभोवती कड्यासारखा असतो आणि घास त्या कड्यातून खाली उतरतो, हे वाचून मी हातातला घास ताटात ठेवला. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, "तुमचं पन तसंच हाय. खाताना डोकं चालत नाय." पाच वर्षांत ती ऑक्टोपसवरून पहिल्यांदा हसली.

आपल्या मुकादमाची आठवण आली. टीव्हीच्या जागी तू ती काचेची टाकी मांडलीस तेव्हा मी किती बोललो होतो तुला. मॅचेस कुठे बघायच्या, हे काय लोकांच्या घरात असतं का, सोसायटीवाले काय म्हणतील. तू म्हणालीस, प्रोजेक्ट आहे, सहा महिने. उत्तनच्या कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेलं ते ऑक्टोपसचं भुरकं गाठोडं तू टाकीत सोडलंस आणि त्याचं नाव मुकादम ठेवलंस. कारण विचारलं तर म्हणालीस, "तुमच्यासारखाच आहे, एका कोपऱ्यात बसून सगळ्यांवर नजर." मी रागावल्यासारखं केलं. खरं तर मला ते आवडलं होतं.

त्यांचं आयुष्यच वर्ष-दोन वर्षांचं असतं असं तू लेखात लिहिलंयस. म्हणजे तो तसाही फार दिवस राहिला नसता.

असो. थंडी पडलीय. तुमच्या मंडपमला, तिकडे तामिळनाडूत, पडत नसेल.

बाबा


भाईंदर पूर्व
१४ जानेवारी, संक्रांत

संचिता,

पाकिटात तीळगूळ आहे, पोचेपर्यंत चुरा होईल, चमच्याने खा. तुझ्या आईने दिलाय. ती म्हणते तू फोनवर विचारलंस, "बाबा काय लिहितायत?" तिने काय सांगितलं ते मला सांगत नाही.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पाकीट टपालात टाकल्यावर दिवसभर घोळवत होतो. ते वाक्य बरोबर नाही. तो तसाही राहिला नसता, हे मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलोय. तुला सांगायला नको होतं.

तुझी जुनी वही माळ्यावरच्या ट्रंकेत होती, ती काढली. तारीखवार लिहिलंयस सगळं. वाचता वाचता मला आपला हॉल दिसायला लागला. लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत जिवंत चिंबोरी घालून झाकण फिरवून तू टाकीत सोडली होतीस. पहिल्या दिवशी मुकादमाला ती उघडायला छत्तीस मिनिटं लागली. चौथ्या दिवशी तीन. तुझ्या आईला त्या बरणीचं झाकण अजून उघडत नाही. आणि केबिन रोडच्या बाजारातून चिंबोऱ्या आणायच्या अनिशने, मुकादम पिचकारी मारायचा मात्र त्यालाच. अंगावरची नळी नेम धरल्यासारखी वर करायचा आणि थेट शर्टावर. अनिशने लाल घाला, पांढरा घाला, टोपी घाला, पिचकारी ठरलेली. तू लिहिलंयस: 'माणसं वेगळी ओळखतो. अनिशवर राग, कारण बहुतेक पहिल्या दिवशी जाळी त्याने धरली होती.'

माझ्यावर त्याने कधी पाणी उडवलं नाही. हेही तू लिहून ठेवलंयस.

सकाळी चहा घेऊन मी टाकीजवळ बसायचो, तो काचेशी यायचा. मी बोट पाण्यात सोडलं की एक हात पुढे करायचा, टोकाने चाचपायचा, मग दोन-तीन चूषकं, हातावरच्या त्या चिकटणाऱ्या वाट्या, लावायचा. त्या चूषकांना चव कळते म्हणतेस. म्हणजे रोज सकाळी तो मला चाखत होता. माझ्या बोटांत मीठ मुरलेलंच आहे, आंघोळीने जात नाही. त्याला मी घरचाच वाटलो असेन.

आणि रंग. काळ्या फरशीच्या तुकड्यावर काळा, वाळूवर वाळूचा, तुझी आई हिरवी साडी नेसून जवळ गेली की अंगभर लाटा. आणि तू लिहितेस, त्याला स्वतःला रंग दिसत नसावेत, त्याच्या कातडीलाच उजेड कळतो. मी हे नाथाला सांगितलं. तो म्हणाला, मुकादम, थापा मारू नका. देवाने निवांत बसून केलेलं जनावर आहे ते. तुझ्या शास्त्रात देव बसत नसेल तर ते वाक्य सोडून दे.

आता पाण्याचं लिहितो.

तू तीन दिवस कॉलेजबरोबर रत्नागिरीला गेली होतीस. अनिशला सांगून गेलीस, एक दिवसाआड उत्तनहून कॅन भरून आण आणि निम्मं पाणी बदल. त्याची स्कूटर गॅरेजला होती. रिक्षाने कॅन घेऊन जातो म्हणाला. मी म्हटलं, थांब. समुद्राच्या पाण्यासाठी उत्तनला जायचं, ते मी जिवंत असताना? आयुष्यभर समुद्राचं मीठ केलं, मिठाचा समुद्र करता येणार नाही? त्याला ऑफिसला पाठवून दिलं. तुझी आई पेणला माहेरी होती, घरात मी एकटाच.

आपल्याच आगरातलं शेवटच्या हंगामाचं मीठ पिशवीत ठेवलेलं होतं. नळाचं पाणी घेतलं. औषधाचा वास जावा म्हणून ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठेवून दिलं, एवढी अक्कल होती मला. मीठ सकाळीच घातलं होतं, थेंब जिभेवर ठेवून जमवलं. हंगामात मी पाणी चाखून सांगायचो की आणखी किती दिवसांनी मीठ धरेल, मालकाचा काचेचा मापक चुकायचा पण मी नाही. संध्याकाळी टाकीत ओतलं तेव्हा मी खूश होतो. तू आल्यावर सांगणार होतो की बघ, तुझ्या बापाने घरात दर्या केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पांढरा पडला.

तू आलीस. कोपऱ्यातले कॅन उचलून बघितलेस, ते कोरडे होते. तू अनिशला विचारलंस, पाणी कुठलं घातलंस? त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "उत्तनचंच." तू त्याला खोटारडा म्हणालीस. आळशी म्हणालीस. माझं वर्ष खाल्लंस म्हणालीस. आणि मी तिथेच खुर्चीत बसलो होतो, हातात पेपर होता, आणि मी पान उलटलं.

पाणी मी घातलं होतं, संचिता. अनिशने नाही.

बाबा


भाईंदर पूर्व
२ फेब्रुवारी

संचिता,

तुझं उत्तर नाही. ते ठीक आहे. मी पाच वर्षं घेतली, तू घे तुला पाहिजे तेवढे दिवस.

मागच्या पत्रातही एक गोष्ट राहिली होती, पण या वेळी लपवली नव्हती. मलाच माहीत नव्हती.

वहीच्या पुठ्ठ्याच्या आत तू चौकटीत लिहून ठेवलंयस, लाल शाईने: 'अनिश, पाण्याला धातू लागू द्यायचा नाही. तांबं तर अजिबात नाही, थोडं जरी उतरलं तरी मरेल.' ते मी परवा वाचलं. वाचून पुन्हा लेख काढला. त्यात तू लिहिलंयस की त्याचं रक्त निळं असतं, कारण आपल्या रक्तात जसं लोखंड तसं त्याच्या रक्तात तांबं. तीन हृदयं मिळून ते निळं रक्त फिरवतात. ज्या तांब्यावर त्याचा श्वास चालतो तेच पाण्यात उतरलं की त्याला विष होतं.

मी पाणी ठेवलं होतं ते तुझ्या आईच्या माहेरच्या हंड्यात.

तांब्याचा हंडा. प्यायचं पाणी आपण त्यातच ठेवतो, औषधी म्हणून. मला वाटलं जनावर नाजूक आहे, बादलीत कशाला, चांगल्या भांड्यात ठेवू. चिंचेने लखलखीत घासलेला हंडा, त्यात मीठ, वर दिवसभर. शाळेतल्या पोराला पण कळेल काय होणार. माझं मीठ बरोबर होतं, संचिता. जीभ बरोबर होती. मी काळजी घेतली नसती, घाईघाईत बादलीतलं ओतलं असतं, तर कदाचित तो जगला असता.

हे वाचल्यावर मी अनिशला हाक मारली. पोरीला खांद्यावर घेऊन तो गॅलरीत फेऱ्या मारत होता, तिला ढेकर येत नव्हती. मी म्हटलं, तुला काहीतरी सांगायचंय, मी संचिताला पण लिहिलंय. पाणी आणि हंडा सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बाबा, मला माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"हंड्याच्या काठाला हिरवं धरलेलं. तो गेला त्या रात्री मी घरी आलो, तुम्ही झोपला होता. मीच घासून जागेवर ठेवला, आई यायच्या आत."

"मग तिला बोलला का नाहीस?"

त्याने पोरीच्या पाठीवर थोपटलं. "ताईने मला सांगून ठेवलं होतं तांब्याचं. तुम्हाला कुठे माहीत होतं? तुम्ही रोज सकाळी त्याच्याबरोबर चहा पीत होता. कसं सांगणार, तुम्हीच मारलात म्हणून? मला काय, तो तसा पण माझ्यावर पाणीच उडवायचा."

आणि पोरीला ढेकर आली.

मी पाच वर्षं समजत होतो की पोरगा स्वतःची कातडी वाचवायला खोटं बोलला आणि मी त्याच्याआड लपलो. त्याला मी मनातून थोडा कच्चाच समजायचो, आता सांगायला लाज कसली. तू हुशार, तो आपला सरळ, ऑफिस आणि घर. त्याने बहीण घालवली, शिव्या खाल्ल्या, लग्नात तुझी जागा रिकामी ठेवली, आणि माझ्यासमोर एकदाही तोंड वाकडं केलं नाही. एवढं मोठं मन त्याने कुठे ठेवलं होतं, मला घरात राहून दिसलं नाही. मुकादमाचं लक्ष सगळ्यांवर असतं म्हणतात.

आणखी एक विचारायचंय. तो गेल्यावर मी त्याला टाकीतून उचललं होतं. डोळे गेलेले होते, अंग पांढरं, पण एका हाताने माझं बोट धरलं. नीट, रोजच्यासारखं, चूषकं लावून. किती तरी वेळ सोडलं नाही. मी हे कोणाला बोललो नाही. मला वाटायचं त्याने मला माफ केलं. आता तू लिहितेस की डोक्यापासून तुटलेला हातही तासभर काम करत राहतो, त्याला डोकं लागत नाही. म्हणजे ती माफी नव्हती. आधी फार वाईट वाटलं. मग वाटलं, डोक्याला ठाऊक नसताना हाताने माझी चव ओळखली असेल तर ते काय कमी आहे? तसं असू शकतं का, की मी मनाचं लिहितोय? तू शास्त्रातलं आहे ते सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

आणि लेखातलं शेवटचं मला सगळ्यात आवडलेलं: अलीकडे असं सापडलंय की त्याच्या हातांतले काही मज्जातंतू डोक्यात न जाता परस्पर दुसऱ्या हातांना जाऊन मिळतात. एका हाताचं दुसऱ्याला कळतं, मधे डोकं लागत नाही. हे वाचून मी वही मिटली.

माझ्यावर रागाव. हक्क आहे तुझा, आणि मी खाली मान घालून ऐकेन. पण अनिशशी बोलायला माझी परवानगी, माझं पत्र, माझी मध्यस्थी काही लागत नाही. तुम्ही परस्पर बोला. मी मधे बसून फार वर्षं नासवली.

बाबा


भाईंदर पूर्व
११ फेब्रुवारी

संचिता,

आज लहानच लिहितोय.

काल दुपारी अनिशचा फोन वाजला. आम्ही जेवत होतो. नाव बघून तो ताटावरून उठला, उष्टा हात तसाच धरून गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं. काचेतून पाठ दिसत होती. बराच वेळ तो नुसता ऐकत होता. मग कठड्याला टेकला. मग हसला, आणि हसताना डाव्या हाताने शर्टाची बाही डोळ्यांना लावली. पायल माझ्याकडे बघायला लागली, मी वरणाकडे बघितलं.

आत आल्यावर त्याने ताट पुढे ओढलं आणि सगळं खाल्लं, गार झालेलं. मला काही सांगितलं नाही. पायलला स्वयंपाकघरात काहीतरी हळू बोलला, तुझी आई पण तिथेच होती. तिघं गप्पा मारत होते आणि मी हॉलमध्ये बसून होतो. पूर्वी मी हाक मारली असती, काय चाललंय रे. काल नाही मारली.

तू कधी येतेस ते मला कोणी सांगितलेलं नाही. नाव काय ठरलं तेही नाही. पण आज सकाळी तुझ्या आईने माळ्यावरून पाळणा काढायला लावला, दोऱ्या धुऊन गॅलरीत वाळत घातल्या, आणि तो तांब्याचा हंडा मोडीत देऊन नवीन स्टीलचा आणला. मग पायल टीव्ही ढकलून भिंतीजवळची जागा मोकळी करायला लागली. म्हटलं, मॅचेस कुठे बघायच्या? तर हसून म्हणाली, "बाबा, ताईंचं सामान येणार आहे."

मी टीव्हीची दुसरी बाजू धरली आणि उचलू लागलो.

बाबा